पहिला शोधनिबंध ओपन ॲक्सेसमध्ये देण्यापूर्वी

शोधनिबंध लिहून झाल्यावर जर्नल निवडायचे आणि जर्नल निवडल्यावर पैशांचे व हक्कांचे बघायचे, असा क्रम बहुतेक नवे संशोधक धरतात. ओपन ॲक्सेसच्या बाबतीत हा क्रम महागात पडतो. पैसे कोण भरणार, निबंधाचे हक्क कोणाकडे राहणार आणि अनुदान देणाऱ्या संस्थेने कोणत्या अटी घातल्या आहेत, या तीन प्रश्नांची उत्तरेच पुष्कळदा कोणती जर्नल्स आपल्याला शक्य आहेत हे ठरवतात, आणि निबंध स्वीकारला गेल्यानंतर त्यांत बदल करायला फारशी जागा उरत नाही. म्हणून पुढे पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत, त्याच क्रमाने त्या घ्याव्यात असे सुचवतो.

ओपन ॲक्सेसची आज सर्वत्र आधाराला घेतली जाणारी व्याख्या फेब्रुवारी 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात आहे. संशोधन-साहित्य इंटरनेटवर विनामूल्य असावे आणि ते कोणालाही वाचता, उतरवून घेता, वाटता, छापता, त्यात शोध घेता आणि त्याला दुवा देता यावा. लेखकाच्या हाती आपल्या कामाच्या अखंडतेवरचे नियंत्रण आणि श्रेय मिळण्याचा हक्क तेवढा राहावा, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे किंमत नाही, आणि वापराची परवानगीही आधीच दिलेली आहे. निबंधाच्या दर्जाविषयी या व्याख्येत काहीही नाही. ओपन ॲक्सेस जर्नल उत्तम असू शकते आणि टाकाऊही. वर्गणीवर चालणाऱ्या जर्नलचेही तसेच. तेव्हा ‘खुले म्हणजे हलके’ आणि ‘खुले म्हणजे आपोआप चांगले’ हे दोन्ही समज सुरुवातीलाच बाजूला ठेवावेत.

पहिली पायरी: आपल्यावर कोणती बंधने आहेत ते वाचून काढा

संशोधनाला अनुदान मिळाले असेल तर मंजुरीपत्र आणि त्यासोबतच्या अटी बाहेर काढाव्यात. अनेक अनुदान-संस्था आज निकालांचे खुले प्रकाशन सक्तीचे करतात. युरोपातील काही अनुदान-संस्थांनी सप्टेंबर 2018 मध्ये ‘प्लॅन एस’ जाहीर केला आणि 2021 पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्यानुसार त्यांच्या पैशांतून झालेल्या कामाचा निबंध प्रकाशनाच्या दिवसापासूनच खुला असावा लागतो. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने 2008 मध्ये निबंधाची स्वीकृत प्रत बारा महिन्यांच्या आत ‘पबमेड सेंट्रल’ या सार्वजनिक संग्रहात उपलब्ध करण्याची अट घातली होती. 1 जुलै 2025 पासून ही बारा महिन्यांची सवलत काढून टाकण्यात आली आहे.

अटी वाचताना चार गोष्टी टिपून ठेवाव्यात: निबंध कधीपर्यंत खुला व्हायला हवा, कोणत्या संग्रहात ठेवायचा, कोणता परवाना (म्हणजे इतरांनी निबंध कसा वापरावा याची लेखी परवानगी) चालतो आणि प्रकाशनाचे शुल्क अनुदानातून देता येते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सरसकट ‘हो’ असेल असे धरू नये. वर्गणीही घेणाऱ्या आणि लेखकाकडून शुल्कही घेणाऱ्या जर्नल्सचे पैसे देण्यास बऱ्याच संस्था नकार देतात. याशिवाय आपल्या विद्यापीठाचे स्वतःचे धोरण असू शकते, आणि सहलेखक दुसऱ्या संस्थेत असतील तर त्यांच्यावरची बंधनेही आपल्या निबंधाला लागू होतात. सहलेखकांना हे सुरुवातीलाच विचारावे. निबंध स्वीकारल्याचे पत्र हाती आल्यावर अशी अट पुढे आली तर आठवडे वाया जातात.

दुसरी पायरी: खुलेपणा नेमका कोणासाठी हवा आहे ते ठरवा

ओपन ॲक्सेसचे फायदे खरे आहेत, पण ते सर्व निबंधांना सारख्या प्रमाणात मिळत नाहीत. सर्वांत मोठा फायदा वाचकांचा आहे. विद्यापीठाबाहेरचा डॉक्टर, शाळेतील शिक्षक, पत्रकार, धोरण आखणारा अधिकारी, स्वतःच्या आजाराविषयी वाचणारा रुग्ण, छोट्या महाविद्यालयातील प्राध्यापक आणि वर्गणी परवडत नसलेल्या देशातील संशोधक या सर्वांना बंद जर्नलमधील निबंधाचा फक्त सारांश दिसतो. आपले काम यांच्यापर्यंत जाण्यासारखे असेल तर खुलेपणाला फार मोल आहे. हजारो निबंधांतील मजकूर संगणकाच्या साहाय्याने एकत्र तपासायचा असेल, निबंधाचे भाषांतर करायचे असेल किंवा त्यातील आकृती पाठ्यपुस्तकात घ्यायची असेल, तर योग्य परवान्यामुळे दरवेळी प्रकाशकाचे दार ठोठवावे लागत नाही. शिवाय बहुतेक खऱ्या ओपन ॲक्सेस जर्नल्समध्ये कॉपीराइट लेखकाकडेच राहतो, ही गोष्ट नव्या लेखकाला त्या वेळी किरकोळ वाटते. पुढे त्याच निबंधावरून पुस्तकातील प्रकरण करायला घेतल्यावर तिचे महत्त्व कळते.

‘खुल्या निबंधाला संदर्भ जास्त मिळतात’, म्हणजे इतर निबंधांत त्याचा उल्लेख जास्त होतो, हा दावा मात्र जपून घ्यावा. अनेक पाहणींमध्ये खुल्या निबंधांचे संदर्भ जास्त आढळले आहेत. पण लेखक आपले चांगले काम खुले करण्यासाठी जास्त धडपडतात आणि ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांचे निबंध जास्त खुले होतात, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे वेगळे काढणे अवघड असते. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जर्नल्समधील निबंध चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक निवडून खुले करण्यात आले. त्या निबंधांचे डाउनलोड स्पष्टपणे वाढले, पण पहिल्या वर्षात त्यांना मिळालेले संदर्भ इतरांपेक्षा जास्त नव्हते. वाचक वाढतात हे खात्रीने सांगता येते. त्यापुढचे आश्वासन कोणी देत असेल, विशेषतः शुल्क मागणारा प्रकाशक देत असेल, तर त्याच्या भरवशावर खर्च करू नये. ज्या विषयात आपले सगळे वाचक मोठ्या विद्यापीठांत आहेत आणि त्यांच्याकडे वर्गणी आहे, तिथे हजारो डॉलर मोजून विकत घेतलेल्या खुलेपणाने फारसा फरक पडत नाही, असे माझे मत आहे.

तिसरी पायरी: मार्ग निवडा, आणि तो निवडताना फाइल कोणती हे ओळखा

खुले करण्याचे चार-पाच मार्ग आहेत आणि त्यांना रंगांची व धातूंची नावे पडली आहेत. ‘गोल्ड’ म्हणजे पूर्ण जर्नलच खुले. त्यासाठी बहुधा लेखकाकडून शुल्क घेतले जाते. ‘डायमंड’ म्हणजे जर्नल खुले आणि लेखकालाही शुल्क नाही. खर्च विद्यापीठ, विद्वत्संस्था किंवा सरकार उचलते. ‘हायब्रिड’ म्हणजे जर्नल वर्गणीचेच, पण शुल्क भरल्यास तुमचा एकटा निबंध खुला होतो. ‘ब्राँझ’ म्हणजे प्रकाशकाने आपल्या संकेतस्थळावर निबंध वाचायला मोफत ठेवलेला असतो, पण त्याला परवाना नसतो आणि तो उद्या पुन्हा बंदही होऊ शकतो. अनुदान-संस्थेची अट अशा निबंधाने पूर्ण होत नाही. राहिला ‘ग्रीन’: निबंध कोणत्याही जर्नलमध्ये छापायचा आणि त्याची एक प्रत विद्यापीठाच्या किंवा विषयाच्या डिजिटल संग्रहात, म्हणजे रिपॉझिटरीत, आपण स्वतः ठेवायची.

ग्रीन मार्गाला पैसे लागत नाहीत आणि तरीही नवे लेखक त्याचा विचार सर्वांत कमी करतात. याचे एक साधे कारण म्हणजे कोणती प्रत ठेवायची याचा गोंधळ, म्हणून तो इथेच सोडवू. एका निबंधाच्या तीन प्रती असतात. पहिली, तुम्ही जर्नलकडे पाठवलेली मूळ प्रत. तिला प्रीप्रिंट म्हणतात. दुसरी, समीक्षकांच्या सूचनांनुसार दुरुस्त केलेली आणि संपादकाने स्वीकारलेली प्रत. तिच्यात आशय अंतिम असतो, पण प्रकाशकाची मांडणी, पानांचे क्रमांक आणि बोधचिन्ह नसते. तिसरी, प्रकाशकाने जुळणी करून छापलेली प्रत. वर्गणीवर चालणारे बहुसंख्य मोठे प्रकाशक दुसरी प्रत रिपॉझिटरीत ठेवू देतात आणि तिसरी ठेवू देत नाहीत. लेखक मात्र नेमकी तिसरी चढवतात आणि मग ती काढण्याची सूचना येते. किंवा दुसरी शोधू लागतात तेव्हा ती संगणकावर कुठेच नीट सापडत नाही, कारण शेवटच्या दुरुस्त्या ई-मेलमधील एखाद्या जोडपत्रात राहून गेलेल्या असतात. यावर उपाय एवढाच की स्वीकृतीचे पत्र आले त्याच दिवशी शेवटची दुरुस्त फाइल ‘स्वीकृत प्रत’ असे नाव व तारीख घालून वेगळी ठेवावी, सर्व आकृत्या तिच्यातच घालाव्यात आणि ती सहलेखकांनाही पाठवावी.

ग्रीन मार्गाची खरी अडचण म्हणजे प्रतीक्षाकाळ. पुष्कळ प्रकाशक छापील प्रसिद्धीनंतर सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत दुसरी प्रत खुली करू देत नाहीत. कोणते जर्नल काय मान्य करते हे ‘ओपन पॉलिसी फाइंडर’ या सेवेवर पाहता येते. पूर्वी हीच सेवा ‘शेर्पा रोमिओ’ या नावाने ओळखली जात असे. दुसरी अडचण वाचकाची आहे: रिपॉझिटरीतील प्रतीचे पृष्ठक्रमांक छापील प्रतीशी जुळत नाहीत, त्यामुळे नेमके पान देऊन अवतरण घ्यायचे तर तिचा उपयोग होत नाही. मानव्यविद्यांमध्ये ही गोष्ट विज्ञानांपेक्षा जास्त खटकते.

डायमंड जर्नल्सविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. ओपन ॲक्सेस म्हणजे लेखकाने पैसे भरणे, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात ‘डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स’ या 2003 पासून चालणाऱ्या सूचीतील बहुसंख्य जर्नल्स लेखकाकडून काहीही घेत नाहीत. ब्राझीलमध्ये सुरू होऊन लॅटिन अमेरिकेत पसरलेला ‘सायेलो’ हा उपक्रम 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून मुख्यतः सार्वजनिक पैशांवर चालत आला आहे. मात्र अशी पुष्कळ जर्नल्स दोन-तीन प्राध्यापकांच्या सेवाभावावर उभी असतात. अंक उशिरा निघणे, समीक्षेला लागणारा वेळ आणि जर्नल अचानक बंद पडणे हे धोके तिथे जास्त असतात. 2000 ते 2019 या काळात इंटरनेटवरून समूळ नाहीशी झालेली 170 हून अधिक ओपन ॲक्सेस जर्नल्स एका अभ्यासात मोजली गेली, आणि त्यांतील निबंधांचे पूर्ण व खुले जतन झालेले नव्हते. म्हणून छोट्या जर्नलकडे निबंध देण्यापूर्वी ते ‘लॉक्स’, ‘क्लॉक्स’ किंवा ‘पोर्टिको’ यांसारख्या जतनव्यवस्थेत सहभागी आहे का, हे त्याच्या माहितीपानावर पाहावे. तसे नसेल तरी जर्नल वाईट ठरत नाही. आपली प्रत रिपॉझिटरीत ठेवणे तेवढे अत्यावश्यक होते.

चौथी पायरी: पैशांचा प्रश्न निबंध पाठवण्यापूर्वी सोडवा

लेखकाकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्काला ‘आर्टिकल प्रोसेसिंग चार्ज’ किंवा थोडक्यात एपीसी म्हणतात. ऑक्टोबर 2003 मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’ हे ओपन ॲक्सेस जर्नल सुरू झाले तेव्हा त्याचे शुल्क 1,500 डॉलर होते आणि तेव्हाही ते जास्त वाटले होते. 2020 च्या अखेरीस ‘नेचर’ने आपले शुल्क 9,500 युरो जाहीर केले. निबंध तपासणारे समीक्षक बिनपैशांचे काम करतात, संपादकांपैकी पुष्कळांना नाममात्र मानधन मिळते, आणि तरीही हे आकडे वाढत जातात. प्रकाशनाचा खर्च आणि घेतले जाणारे शुल्क यांचा मेळ बसत नाही, अशी तक्रार खुद्द संपादकच करतात. 2023 मध्ये ‘न्यूरोइमेज’ या जर्नलच्या चाळीसहून अधिक संपादकांनी 3,450 डॉलरचे शुल्क कमी करण्यास प्रकाशकाने नकार दिल्यावर एकत्र राजीनामे दिले आणि एमआयटी प्रेसकडे ‘इमेजिंग न्यूरोसायन्स’ हे कमी शुल्काचे नवे जर्नल काढले.

ओपन ॲक्सेसवरचा सर्वांत वजनदार आक्षेप इथेच आहे. वर्गणीच्या पद्धतीत गरीब वाचक बाहेर राहत होता. शुल्काच्या पद्धतीत गरीब लेखक बाहेर राहतो. निवृत्त अभ्यासक, कोणत्याही संस्थेत नसलेले संशोधक, पीएच.डी. संपवून नोकरीच्या शोधात असलेले तरुण आणि ज्या विषयांना मुळातच अनुदान मिळत नाही ते विषय यांना त्याची झळ सर्वांत आधी बसते. हायब्रिड जर्नलबाबत आणखी एक आक्षेप आहे: ग्रंथालय वर्गणी भरते आणि त्याच ग्रंथालयाच्या विद्यापीठातील लेखक शुल्कही भरतो, म्हणजे एकाच जर्नलला एकाच संस्थेकडून दोनदा पैसे जातात. स्वतःच्या खिशातून हायब्रिडचे शुल्क भरण्याइतका वाईट व्यवहार नव्या लेखकासाठी दुसरा नाही, कारण त्याच जर्नलमध्ये वर्गणीच्या मार्गाने विनाशुल्क छापून आपली स्वीकृत प्रत रिपॉझिटरीत ठेवता येते.

शुल्क लागणारेच जर्नल हवे असेल तर विचारणा अशी करावी. आधी विद्यापीठाच्या ग्रंथपालांना भेटावे. अनेक ग्रंथालयांनी प्रकाशकांशी करार केलेले असतात आणि त्यांत त्या संस्थेच्या लेखकांचे शुल्क आधीच भरलेले असते. मात्र त्याचा लाभ जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाच्या संस्थेवरून ठरतो. तेव्हा सहलेखकांपैकी कोणाच्या संस्थेचा करार आहे हे पाहून ती जबाबदारी कोणाकडे द्यायची ते ठरवावे, अर्थात त्या व्यक्तीचे कामातील योगदान त्या जबाबदारीला साजेसे असेल तरच. ग्रंथालयाकडून काही निघाले नाही तर अनुदानात तरतूद आहे का ते पाहावे. तीही नसेल तर सवलत मागावी. कमी उत्पन्नाच्या देशांतील लेखकांना बरेच प्रकाशक पूर्ण किंवा अर्धी माफी देतात आणि त्यासाठी पुष्कळदा ‘रिसर्च फॉर लाइफ’ या उपक्रमाच्या देशयादीचा आधार घेतात. मध्यम उत्पन्नाच्या देशांतील लेखक या यादीतून निसटतात, त्यांनी वैयक्तिक अडचण सांगून स्वतंत्र अर्ज करावा. हा अर्ज निबंध पाठवण्यापूर्वी किंवा पाठवतानाच करायचा असतो. स्वीकृतीनंतर आलेला अर्ज अनेक प्रकाशक वाचतही नाहीत. जाहीर शुल्कावर कर वेगळा लागतो का, रंगीत आकृत्यांचे किंवा जास्त पानांचे पैसे पडतात का, हेही त्याच वेळी लेखी विचारून घ्यावे.

पाचवी पायरी: जर्नल खरे आहे का ते पारखा

लेखकाने पैसे भरायचे ठरले की पैसे घेऊन काहीही छापणारे दुकान थाटणे सोपे होते, आणि तसेच झाले. ऑक्टोबर 2013 मध्ये ‘सायन्स’ने एका प्रयोगाची हकीकत छापली. जॉन बोहॅनन या वार्ताहराने ढोबळ शास्त्रीय चुका मुद्दाम घातलेला एक खोटा निबंध 304 ओपन ॲक्सेस जर्नल्सना पाठवला आणि त्यांपैकी 157 जर्नल्सनी तो स्वीकारला. वर्गणीवर चालणाऱ्या जर्नल्सना तो पाठवलाच नव्हता, हा या प्रयोगावरचा आक्षेप रास्त आहे. तरी त्याचा धक्का उपयोगी पडला: ‘डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स’ने आपले निकष कडक केले, सर्व जर्नल्सना नव्याने अर्ज करायला लावले आणि 2016 मध्ये तीन हजारांहून अधिक जर्नल्स सूचीतून काढून टाकली.

फसव्या जर्नलचे आमंत्रण एकदा नीट न्याहाळून ठेवावे. ‘आदरणीय प्राध्यापक’ असे संबोधन असते आणि पुढे तुमच्या जुन्या निबंधाचे शीर्षक जसेच्या तसे चिकटवलेले असते, कधीकधी शेवटच्या पूर्णविरामासकट. तुमच्या ‘अमूल्य योगदानाची’ स्तुती असते, पण ते योगदान काय आहे याविषयी एक वाक्यही नसते. अंकासाठी एकच निबंध कमी पडतो आहे, समीक्षा आठवड्याभरात होईल आणि निबंध चालू महिन्यातच छापला जाईल, असे आश्वासन मिळते. शुल्काचा उल्लेख नसतो किंवा ‘आज पाठवल्यास सवलत’ असतो. जर्नलच्या नावात ‘इंटरनॅशनल’ किंवा ‘ग्लोबल’ असते आणि विषयांच्या यादीत अभियांत्रिकीपासून योगापर्यंत सर्व काही असते. यांतले एखादे लक्षण चांगल्या जर्नलच्या पत्रातही सापडेल. तीन-चार एकत्र आली की उत्तर देण्याची गरज उरत नाही.

पत्र सोडून जर्नलच पारखायचे असेल तर एक दुपार पुरते. त्यातील आपल्या विषयाचे दोन निबंध पूर्ण वाचावेत. दुसऱ्या कोणत्याही कसोटीपेक्षा हे वाचन जास्त सांगून जाते. निबंध मिळाल्याची आणि स्वीकारल्याची तारीख पाहावी. सगळ्या निबंधांमध्ये हे अंतर चार-पाच दिवसांचे असेल तर समीक्षा झालेली नाही. संपादक मंडळातील दोन-तीन नावे घेऊन त्या व्यक्तींच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर या जर्नलचा उल्लेख आहे का ते शोधावे, कारण नामवंतांची नावे त्यांना न विचारता छापली जातात. नियतकालिकांना मिळणारा आयएसएसएन क्रमांक ही फक्त नोंदणी आहे. तो असण्याने दर्जा सिद्ध होत नाही. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ (जर्नलमधील निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात याचे माप) म्हणून दाखवलेला आकडा कोणी काढला आहे ते बघावे, कारण जवळजवळ त्याच नावाचे आकडे विकणाऱ्या संस्था आहेत. खऱ्या, जुन्या जर्नलची हुबेहूब नकल केलेली संकेतस्थळेही असतात. म्हणून पत्रातील दुव्यावरून न जाता सूचीतील दुव्यावरून जर्नलपर्यंत पोहोचावे. ‘थिंक, चेक, सबमिट’ या संकेतस्थळावर अशा प्रश्नांची तयार यादी आहे. जेफ्री बील या ग्रंथपालाची संशयित प्रकाशकांची यादी एके काळी फार वापरली जाई. त्यांनी ती जानेवारी 2017 मध्ये काढून टाकली, आणि तिच्या जुन्या प्रतींवर आज विसंबणे योग्य नाही.

मोठ्या नावानेही पूर्ण निर्धास्त होता येत नाही. वायली या मोठ्या प्रकाशकाने 2021 मध्ये 298 दशलक्ष डॉलरना विकत घेतलेल्या ‘हिंदावी’ या ओपन ॲक्सेस प्रकाशनसंस्थेला 2023 या एका वर्षात आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. विशेषांकांच्या पाहुण्या संपादकांमार्फत बनावट निबंधांचा कारखानाच आत शिरला होता. पुढे ते नावच बंद करण्यात आले. प्रत्येक निबंधामागे पैसे मिळत असतील तर जास्त निबंध स्वीकारण्याचा मोह प्रकाशकाला होणारच, आणि विशेषांक हे त्याचे सोपे साधन आहे. नव्या लेखकाने विशेषांकाच्या आमंत्रणाला, जर्नल प्रतिष्ठित असले तरी, पाहुणे संपादक कोण आहेत हे तपासल्याशिवाय होकार देऊ नये.

फसव्या ठिकाणी निबंध गेलाच असेल तर कॉपीराइटच्या करारावर सही करण्यापूर्वी आणि पैसे भरण्यापूर्वी तो मागे घेत असल्याचे लेखी कळवावे व त्या पत्राची प्रत जपून ठेवावी. अशी जर्नल्स माघारीचेही पैसे मागतात. ते देण्याची घाई करू नये, आधी संस्थेच्या ग्रंथपालांचा किंवा कायदेविषयक विभागाचा सल्ला घ्यावा. निबंध दुसरीकडे पाठवताना घडलेला प्रकार त्या संपादकांना सुरुवातीलाच सांगावा.

सहावी पायरी: परवाना वाचून निवडा

स्वीकृतीनंतर प्रकाशकाच्या संकेतस्थळावर एक अर्ज उघडतो आणि त्यात ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या संस्थेने तयार केलेल्या, कोणालाही वापरता येणाऱ्या परवान्यांची यादी असते. तिथे घाईने पहिल्या चौकटीवर खूण करून पुढे जाऊ नये, कारण एकदा दिलेला हा परवाना, ज्यांनी त्याखाली प्रत घेतली त्यांच्यापुरता, मागे घेता येत नाही. ‘सीसी बाय’मध्ये श्रेय दिल्यास कोणालाही कोणत्याही कामासाठी, व्यापारासाठीसुद्धा, निबंध वापरता येतो, अनेक अनुदान-संस्थांना हाच परवाना हवा असतो. ‘एनसी’ जोडल्यास व्यापारी वापर वगळला जातो, ‘एनडी’ जोडल्यास बदललेली आवृत्ती प्रसिद्ध करता येत नाही, आणि ‘एसए’ जोडल्यास पुढच्या कृतीलाही तोच परवाना द्यावा लागतो.

‘एनडी’ सुरक्षित वाटतो, पण भाषांतर हाही बदलच धरला जातो. म्हणजे आपला निबंध दुसऱ्या भाषेत नेऊ इच्छिणाऱ्याला पुन्हा परवानगी मागावी लागते. ‘एनसी’ निवडताना सोबतचा करार वाचावा. काही प्रकाशक त्या आडून व्यापारी वापराचे सर्व हक्क स्वतःकडे घेतात, आणि मग दुसऱ्याला जे पैसे आकारले जातात त्यांचा लेखकाशी संबंध उरत नाही. दुसऱ्या बाजूला ‘सीसी बाय’ दिल्यावर आपला निबंध कोणी संकलनात घालून विकला किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींना शिकवण्यासाठी वापरला तर तक्रारीला फारसा वाव नसतो. विज्ञानातील आकडेवारीच्या निबंधाला ‘सीसी बाय’ योग्य, असे मला वाटते. मुलाखती, लोकसाहित्य किंवा एखाद्या समाजाचे खासगी ज्ञान ज्यात आले आहे अशा निबंधाबाबत, माहिती देणाऱ्यांनी नेमकी कशाला संमती दिली होती ते संमतिपत्रात पाहून मगच ठरवावे.

निबंधात दुसऱ्याची छायाचित्रे, नकाशे किंवा मोठी अवतरणे असतील तर त्यांवर आपण परवाना देऊ शकत नाही. अशा प्रत्येक चित्राखाली ‘हे चित्र या परवान्यात समाविष्ट नाही’ असे लिहून मूळ मालकाची परवानगी नोंदवावी. वस्तुसंग्रहालये खुल्या प्रकाशनासाठी पुष्कळदा जास्त शुल्क मागतात. कलेतिहासाच्या अभ्यासकांनी हा खर्च आधीच मनात धरावा.

सातवी पायरी: प्रीप्रिंट ठेवायचा का?

भौतिकशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्रात हा प्रश्न केव्हाच सुटला आहे. पॉल गिन्स्पार्ग यांनी ऑगस्ट 1991 मध्ये सुरू केलेल्या ‘आर्काइव्ह’वर समीक्षेपूर्वीच निबंध ठेवणे तिथे रूढ आहे. जीवशास्त्रासाठी 2013 मध्ये ‘बायोआर्काइव्ह’ आणि वैद्यकासाठी 2019 मध्ये ‘मेडआर्काइव्ह’ सुरू झाले. कामाची तारीख नोंदली जाते, टीका लवकर मिळते आणि खर्च काहीच नसतो. मात्र प्रीप्रिंट सहसा पूर्णपणे काढून टाकता येत नाही. तो मागे घेतला तरी त्याची नोंद राहते. वैद्यकातील अपुरा निष्कर्ष समीक्षेपूर्वी लोकांपर्यंत गेला तर काय होते, हे कोविडच्या साथीत सर्वांनी पाहिले आहे. उपचाराविषयीचा दावा असेल तर थांबलेले बरे. इतर विषयांत, जर्नलचे धोरण एकदा पाहून, प्रीप्रिंट ठेवावा.

आठवी पायरी: प्रसिद्धीनंतरची कामे

निबंध प्रसिद्ध झाला की तो आपल्या ‘ऑर्किड’ क्रमांकाच्या (प्रत्येक संशोधकाला मिळणाऱ्या स्वतंत्र ओळख-क्रमांकाच्या) नोंदीत आला आहे का ते पाहावे, गोल्ड असला तरी त्याची प्रत रिपॉझिटरीत ठेवावी आणि मूळ आकडेवारी खुली करता येण्यासारखी असेल तर ‘झेनोडो’सारख्या संग्रहात ठेवून तिचा दुवा द्यावा. ग्रीन मार्ग घेतला असेल तर प्रतीक्षाकाळ संपण्याची तारीख रिपॉझिटरीच्या अर्जातच भरता येते. त्या दिवशी प्रत आपोआप खुली होते आणि आपल्याला लक्षात ठेवावे लागत नाही.

शेवटी विद्यापीठाच्या जाळ्याबाहेरून, म्हणजे घरच्या जोडणीवरून किंवा मोबाइलवरून, आपल्या निबंधाचे पान उघडून पाहावे. आत बसून सगळेच निबंध खुले दिसतात, कारण वर्गणी संस्थेने भरलेली असते. शुल्क भरूनही निबंध कुलपाआड राहिला आहे, किंवा निवडलेल्या परवान्याऐवजी दुसराच छापला गेला आहे, असे घडते. तसे दिसल्यास स्वीकृतीचे पत्र, भरणा केल्याची पावती आणि परवान्याचा अर्ज जोडून प्रकाशकाला लगेच लिहावे आणि दुरुस्ती झाल्यावर तेच पान त्याच बाहेरच्या जोडणीवरून पुन्हा उघडून पाहावे.